बाँबफेकी विमानांचीं जुनीं छायाचित्रें

मुंबईच्या कित्येक घरांतील आल्बमांत एखाद्या जुन्या विमानाचें छायाचित्र असतें, आणि त्याखालीं बहुधा लिहिलेलें असतें : “जुहू, टाटांचें विमान.” हा तर्क स्वाभाविक आहे. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा, जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन तेथेंच उतरले. परंतु चित्रांतील विमान मुळांत बाँब टाकण्यासाठीं बांधलेलें असण्याचाही संभव असतो. तें ओळखावें कसें?

प्रथम पंख मोजावे. टाटांचें ‘पुस मॉथ’ एकपंखी. त्यांत वैमानिक बंद कक्षांत बसे. त्या काळचीं बाँबफेकी विमानें बहुतेक दुपंखी, पंखांमध्यें खांब व तारा, आणि लहान विमानांत माणसें उघड्यावर बसलेलीं. नंतर नाक पाहावें. पहिल्या महायुद्धांतील ‘डी. एच. ९’चें नाक निमुळतें व एंजिनाचा माथा उघडा. त्याच्याच ‘९ ए’ या सुधारलेल्या जातीस समोर मोठा चौकोनी रेडिएटर. ‘वापिती’चें एंजिन वाटोळें, नळकांडीं चाकाच्या आऱ्यांप्रमाणें पसरलेलीं. मागल्या बैठकीभोवतीं बंदुकीचें कडें व पंखाखालीं बाँब अडकविण्याची सोय दिसली, तर विमान लष्करी समजावें.

अक्षरेंही बोलतात. ‘व्ही-टी’ हें हिंदी नागरी विमानाचें चिन्ह, ‘जी’ हें ब्रिटिश नागरी विमानाचें. मग बाँबफेकी घाटाच्या विमानावर नागरी अक्षरें कशीं? युद्ध संपल्यावर उरलेलीं विमानें विकलीं गेलीं, म्हणून. नेव्हिल व्हिन्सेंट हे वायुदलांतील माजी वैमानिक १९२९ च्या सुमारास अशींच दोन ‘डी. एच. ९’ घेऊन हिंदुस्थानांत आले व लोकांना पैसे घेऊन आकाशांत फिरवूं लागले. पुढें १९३२ मध्यें टाटांनीं आणलेलें टपाल जुहूहून मद्रासकडे नेणारे तेच.

रंगांविषयीं मात्र सावध असावें. त्या काळच्या पुष्कळ काचांना व फिल्मांना तांबडा प्रकाश जाणवत नसे. त्यामुळें तांबडें काळें उमटे, निळें फिकें दिसे.

हिंदी वायुदलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीस उभी राहिली, ती चार वापिती विमानांवर. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं मुंबईच्या किनाऱ्यावरही पहाऱ्यासाठीं वापिती उडत. आपल्या तरुणांच्या कर्तबगारीचा हा आरंभ अभिमानास्पद खराच. परंतु ब्रिटिश अमदानींत वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या वस्त्यांवर बाँब पडले तेही अशाच विमानांतून. चित्रांत चकचकीत यंत्र व हंसतमुख वैमानिक दिसतो. खालचें गांव चौकटीबाहेर राहतें. चित्र वाचतांना तें गांवही मनांत असावें.

आज यांपैकीं फारच थोडीं विमानें उरलीं आहेत. बिकानेरच्या किल्ल्यांत, हत्तीखान्यांत, ‘डी. एच. ९’चे सांगाडे सांपडले. एक वापिती दिल्लीस पालमच्या संग्रहालयांत आहे. म्हणून घरांतील तें लहानसें चित्रही मोलाचें. वडील माणसें आहेत तोंवर त्यांना विचारून स्थळ, साल व नांवें चित्रामागें मऊ पेन्सिलीनें लिहून ठेवावीं. आणि खात्री नसेल तेथें प्रश्नचिन्ह घालण्यास संकोच करूं नये.