जर्दाळूचे गाव सनीव्हेल

कॅलिफोर्नियात ज्यांची मुलेबाळे संगणकाच्या व्यवसायात स्थिरावली आहेत अशा मराठी आईबापांच्या तोंडी सनीव्हेलचे नाव पुण्याच्या एखाद्या पेठेच्या नावाइतक्या सहजतेने येते. परंतु ते येते मुलाचा पत्ता म्हणून, प्रेक्षणीय स्थळ म्हणून नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोस आमच्या चिरंजीवांकडे मुक्काम असताना, घरच्या मंडळींना सुटी नाही आणि आपल्याला उद्योग नाही अशा अवस्थेत मी एकट्यानेच कोठेतरी जाऊन यावे असे ठरविले, आणि सुनेने योसेमिटी, नापा अशी प्रतिष्ठित नावे पुढे केली असता मी सनीव्हेल म्हणालो, तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन करण्याचे कारण नाही. दक्षिणेस सुमारे चाळीस मैलांवरचे, दीड लाखाच्या आसपास वस्तीचे हे उपनगरवजा शहर आहे. कॅलट्रेन नावाची आगगाडी, जी २०२४ पासून विजेवर धावू लागली आहे, आपल्याला थेट त्याच्या जुन्या बाजाराच्या तोंडाशी उतरवते. जून सरत आलेला होता, ऊन स्वच्छ होते, आणि स्थानकाबाहेर पडताच गाव संपले की सुरू झाले हेच कळेना, इतकी तेथे शांतता होती.

इतिहास सांगायचा तर तो थोडक्यात आटोपता येतो. ही भूमी मूळची ओलोनी लोकांची. पुढे स्पॅनिश मिशनऱ्यांची व त्यांच्या पाठोपाठ मेक्सिकोची सत्ता आली, आणि १८४२ साली मेक्सिकन गव्हर्नराने मेंढ्यांचे हे विस्तीर्ण कुरण एस्त्रादा नामक गृहस्थास इनाम दिले. त्यातला मोठा तुकडा मार्टिन मर्फी या आयरिश शेतकऱ्याने १८५०च्या सुमारास विकत घेतला. हा मर्फी १८४४ साली, सिएरा नेवाडाचे पहाड बैलगाड्यांसह ओलांडून येणाऱ्या पहिल्या तांड्याबरोबर, बायकोमुलांसकट या प्रांती उतरला होता. दरम्यान राज्य अमेरिकेचे झाले, आणि नव्या सरकारने १८५१च्या कायद्यान्वये फर्मावले की, जुन्या सनदांवर ज्यांची वहिवाट आहे त्यांनी कमिशनापुढे येऊन आपली मालकी शाबीत करावी. नेमक्या त्याच सुमारास, १८५२च्या कायद्याने, आपल्याकडे मुंबई इलाख्यात इनाम कमिशन पेशवाईतल्या सनदा तपासत बसले होते, आणि वाडवडिलांच्या पेटाऱ्यांतले कागद हुडकताना दक्षिणी इनामदारांची जी त्रेधा उडाली तीच येथल्या कॅलिफोर्नियन जमीनदारांचीही उडाली, हे ध्यानी आल्यावर मला हा परका मुलूख एकाएकी ओळखीचा वाटू लागला. मर्फीच्या दाव्याचा निकाल लागून त्याच्या हाती पक्के मालकीपत्र पडायला एका तपाहून अधिक काळ लोटला. पुष्कळांच्या जमिनी तोवर वकिलांच्या फीपोटी गेल्या होत्या.

मर्फीने आपले घर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मेन प्रांती, सुटे सुटे तयार करवून जहाजाने केप हॉर्नला वळसा घालून आणविले आणि येथे जोडून उभे केले. ते घर १९६१ साली पाडण्यात आले. आज संग्रहालय म्हणून जी वास्तू दाखवितात ती त्याची २००८ साली उघडलेली प्रतिकृती आहे. मूळ पाडावे आणि मग वर्गणी काढून त्याची नक्कल उभारावी, ही रीत केवळ आपल्याकडचीच आहे असे मी आजवर समजत होतो.

१८६४ साली रेल्वे आली ती मर्फीच्या शेतातून, आणि १८९८च्या सुमारास क्रॉसमन नावाच्या जमिनीच्या व्यापाऱ्याने त्याच्या वारसांकडून दोनशे एकर घेऊन तेथे गाव वसविण्याचा घाट घातला. गावाचे मूळ नाव टपाल खात्याला मान्य होईना, कारण त्या नावाचे दुसरे ठाणे आधीच होते. तेव्हा १९०१ साली सनीव्हेल हे नाव मुक्रर झाले. पण मला त्या नावापेक्षा क्रॉसमनची युक्ती अधिक मनोवेधक वाटली. सॅन फ्रान्सिस्कोत १९०६चा भूकंप झाला, कारखाने उद्ध्वस्त झाले, आणि या गृहस्थाने त्या निराधार कारखानदारांस जमीन फुकट देऊ केली. जॉशुआ हेंडी यांचा लोखंडी कारखाना त्यामुळे येथे आला. दुसऱ्या महायुद्धात मालवाहू लिबर्टी जहाजांसाठी लागणारी सातशेहून अधिक वाफेची यंत्रे याच कारखान्याने घडविली. लिबी कंपनीचा फळे डबाबंद करण्याचा प्रचंड कारखानाही त्याच वर्षांत उभा राहिला. पुढे १९३१ साली अमेरिकेच्या नौदलाला आकाशनौकांसाठी तळ हवा होता, तेव्हा या पंचक्रोशीतल्या नागरिकांनी वर्गणी करून सुमारे हजार एकर जमीन विकत घेतली आणि ती सरकारला एका डॉलरला खरेदीखत करून दिली. म्हणजे उद्योगाला जमीन देऊन दारी बोलवायचे आणि आपण त्याच्या आश्रयाने जगायचे, हा या गावाचा पिढीजाद व्यवसाय होय. १९५६ साली क्षेपणास्त्रे करणारी लॉकहीड आली, १९६९ साली अर्धसंवाहक बनविणारी एएमडी स्थापन झाली, आणि आज काचेच्या इमारतींत जे संगणकशास्त्रज्ञ कामाला जातात ते या गावाच्या स्वभावाला सोडून काही करीत नाहीत. ज्यांना हे शहर कालपरवा आकाशातून पडले असे वाटते त्यांनी या गावाची जुनी कागदपत्रे चाळावीत.

त्या आकाशनौकांचे कोठार, हँगर वन, आजही खाडीच्या बाजूस उभे आहे. लांबी अकराशे फुटांहून अधिक, उंची जवळजवळ दोनशे फूट, आणि खालची जमीन आठ एकर. ज्या मेकन नावाच्या आकाशनौकेसाठी ते १९३३ साली बांधले तिला समुद्रात जलसमाधी मिळाली १९३५च्या फेब्रुवारीत! वास्तू मात्र राहिली. तिच्या पत्र्यात विषारी द्रव्ये निघाल्याने सारी त्वचा उतरवून पुष्कळ वर्षे नुसता पोलादी सांगाडा ठेवण्यात आला होता. मी ती हमरस्त्यावरून दुरूनच पाहिली.

मर्फी अ‍ॅव्हेन्यू ही जुनी बाजारपेठ. एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतच जाणारी, दुतर्फा बैठ्या जुन्या इमारतींची, आता मोटारींना मनाई असलेली ही गल्ली मनाला प्रसन्न करते. शनिवारी तेथे शेतकऱ्यांचा बाजारही भरतो. परंतु एकच गल्ली का, असे विचारावे तर उत्तर उद्वेगजनक आहे. बाकीचा जुना बाजार पाडून १९७९ साली तेथे एक भव्य मॉल उभारण्यात आला. तो काही वर्षे चालला, मग चालेनासा झाला, मग तोही पाडला, आणि त्या जागी आरंभलेले नवे बांधकाम कोर्टकज्ज्यात व कर्जात अडकून त्याचे लोखंडी सापळे शहराच्या ऐन मध्यभागी वर्षानुवर्षे गंजत राहिले. आता तेथे नवी दुकाने व सदनिका झाल्या आहेत आणि लोक आनंदाने फिरत आहेत. सदतीस वर्षे एकाच वाड्यात काढलेल्या माझ्यासारख्याला मात्र, एका पिढीच्या डोळ्यांदेखत दोनदा पाडले गेलेले गाव आपल्या नातवंडांना काय दाखवीत असेल, असा प्रश्न पडल्यावाचून राहिला नाही.

त्याचे उत्तर रेमिंग्टन ड्राइव्हजवळच्या सार्वजनिक उद्यानात मिळाले. तेथे, मर्फीच्या घराच्या संग्रहालयाला लागून, दहा एकरांत नगरपालिकेने जर्दाळूची बाग राखलेली आहे. ब्लेनहाइम जातीची झाडे, बुंध्यांना पांढरा रंग, खाली नांगरलेली भुसभुशीत माती, आणि भोवती चहूकडे घरे, टेनिसची मैदाने, मोटारी. एके काळी हे सारे खोरे वसंतात फुलांनी असे पांढरे होई की त्याला हृदयानंदाचे खोरे म्हणत. सिलिकनशी त्याचे नाव जोडले गेले ते १९७१ नंतर.

संग्रहालयात येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस करणाऱ्या एक वयोवृद्ध बाई होत्या. पोर्तुगीज वंशाच्या, ऐंशीच्या घरातल्या, डोक्याला रुंद कडांची टोपी. बागेतून नुकतीच आलेली फळांची एक पेटी त्यांच्यापुढे होती. मी हिंदुस्थानातून आलो आणि जर्दाळू आमच्याकडेही खातात, पण सबंध सुकवलेले, आतल्या बीसकट, असे म्हटल्यावर त्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “मग इथे बसा, आमची रीत पाहा.”

आखूड पात्याची एक जुनी सुरी त्यांनी उचलली. फळाच्या अंगावर जी एक नैसर्गिक शीव असते तिच्यावरून पाते एकदाच सबंध फिरविले. फळ न पिळता, न दाबता दोन वाट्या अलग झाल्या, सुरीच्या टोकाने बी उडून डब्यात पडली, आणि दोन्ही वाट्या तोंड वर करून लाकडी ट्रेवर ओळीत बसल्या. “पालथी ठेवली तर रस गळतो आणि फळ लाकडाला चिकटतं. आई हातावर मारायची,” त्या म्हणाल्या. बोलता बोलता ट्रेची एक रांग भरली होती. त्यांच्या लहानपणी, पन्नास-पंचावन्न सालच्या सुमारास, उन्हाळी सुटी लागली की सगळ्या आळीतल्या बाया आणि पोरे कटिंग शेडमध्ये कामाला जात. मजुरी पेटीमागे मिळे, आणि पेटी रिकामी झाली की मुकादम बाई कार्डाला भोक पाडून नोंद करी. भरलेले ट्रे एकावर एक रचून रुळांवरच्या गाड्यावरून गंधकाच्या खोलीत ढकलत, रात्रभर धुरी देत, म्हणजे फळाचा केशरी रंग टिके आणि कीड लागत नसे. मग दिवसचे दिवस उघड्या अंगणात वाळवण. सहा शेर ओल्या फळाचे जेमतेम शेरभर सुके उरे.

“ब्लेनहाइम आतून बाहेर पिकतो,” त्यांनी एक फळ माझ्या हातात दिले. खांद्याशी ते अजून हिरवट होते, आणि चावल्यावर मात्र आत मधुर, किंचित आंबट, सुगंधी असा गर लागला. एवढे नाजूक फळ लांब पाठवता येत नाही, दुकानदाराला ते परवडत नाही, म्हणूनच ते सुकवावे तरी लागते किंवा झाडाखाली उभे राहून खावे तरी लागते. या एका दोषापायी ते बाजारातून हद्दपार झाले आहे. मी सुरी मागून घेऊन प्रयत्न केला. माझ्या वाट्या एक लहान, एक मोठी अशा निघाल्या. बाईंनी त्या ट्रेवर न ठेवता बाजूच्या बशीत ठेवल्या.

बागा गेल्या कशा, असे विचारल्यावर त्यांनी कोणाला दोष दिला नाही. लॉकहीडमध्ये भाऊ लागला, त्याचा महिन्याचा पगार बागेच्या हंगामाएवढा, शेजारच्या शेतात घरे झाली तसा जमिनीवरचा सारा वाढला, वडिलांनी विकली. अर्धसंवाहकांचे कारखाने निघाले तेव्हा ते विनाधुराड्याचे, स्वच्छ कारखाने म्हणून सर्वांनी त्यांचे स्वागत केले होते. त्यांनी वापरलेली द्रावके जमिनीखालच्या पाण्यात मुरली हे पुढे कळले, आणि या शहरातल्या काही जागांचे भूजल आजही सरकारी देखरेखीखाली शुद्ध करावे लागते. गंधकाची धुरी नाकाला तरी झोंबत असे.

सायंकाळी मी एल कमीनो रिआलवर आलो. स्पॅनिश मिशनांना जोडणाऱ्या या राजमार्गावर आज इडली, बिर्याणी, जिलबी आणि वाणसामान यांची दुकाने एकाला लागून एक आहेत. त्यांपैकी एकात थालीपिठाची भाजणी आणि चितळ्यांची बाकरवडी शेजारी शेजारी मांडलेली होती, आणि दोन तरुण मुली गणपतीच्या ढोलपथकाच्या सरावाविषयी अस्सल पुणेरी मराठीत भांडत होत्या. बे एरियातल्या महाराष्ट्र मंडळाचा व्याप मोठा आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२४चे अधिवेशन शेजारच्या सॅन होजेतच भरले होते. याच रस्त्यावर एका मद्यगृहात १९७२ साली अटारी कंपनीचे पाँग हे नाणे टाकून खेळायचे यंत्र प्रथम मांडले गेले, आणि काही दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली म्हणून अ‍ॅल अल्कॉर्न हा तंत्रज्ञ पाहायला गेला तर नाण्यांचा डबा भरून ओसंडत होता. त्या जागी आता विनोदी कार्यक्रम होतात. थोडे पुढे, १८९९ पासून चालत आलेली ऑल्सन कुटुंबाची चेरीची बाग जेथे होती, तेथे घरे व दुकाने उभी आहेत आणि त्या बाजारसंकुलाला नाव दिले आहे चेरी ऑर्चर्ड. चेखॉव्हच्या नाटकात बाग तोडून बंगले बांधणारा व्यापारी निदान तिचे नाव तरी लावीत नाही.

लिबीचा कारखाना १९८०च्या दशकात बंद झाला. त्याची पाण्याची टाकी तेवढी राखून तिला फळांच्या मिश्रणाच्या डब्याचे रूप दिले आहे. कचेऱ्यांच्या गर्दीत तो अवाढव्य डबा उंच खांबांवर उभा आहे. रंगकाम उत्तम, आणि मुलांना फार आवडते. पट्ट्यावर उभे राहून ज्या बायकांनी ती फळे निवडली, सोलली, भरली त्यांच्याविषयी दोन ओळी कोठे कोरलेल्या आहेत का म्हणून मी टाकीभोवती फिरलो. मला आढळल्या नाहीत.

जाणाऱ्याने जूनअखेर ते जुलैचा पूर्वार्ध हा काळ साधावा, कारण ब्लेनहाइमचा हंगाम जेमतेम तीनएक आठवड्यांचा असतो. संग्रहालय रोज उघडे नसते, तेव्हा वेळा आधी पाहून ठेवाव्यात. सुके जर्दाळू मिळाले तर दुभागलेले, कडा गडद झालेले, चवीला आंबट असेच मागावेत. गुळगुळीत, नुसत्या गोड सबंध फळांच्या पिशव्या बहुधा तुर्कस्तानातून आलेल्या असतात.