समोरच्या विमानाची उंची कोण सांगणार?

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ एकमेकांवर आदळले आणि दोन्ही विमानांतील सर्वच्या सर्व ३४९ माणसे गेली. बोइंगला १४ हजार फुटांवर, तर इल्युशिनला १५ हजार फुटांवर राहण्याची सूचना होती. कझाक वैमानिक ठरलेल्या उंचीच्या खाली उतरले, असा ठपका न्या. लाहोटी आयोगाने ठेवला. तो योग्यच होता. मला मात्र दुसरी एक गोष्ट अधिक अस्वस्थ करते. दिल्लीच्या नियंत्रकापुढील पडद्यावर विमानांचे ठिपके दिसत होते. त्यांची उंची दिसत नव्हती. ती कळायची वैमानिकाने रेडिओवर सांगितली तरच. म्हणजे हजार फुटांचे ते अंतर केवळ शब्दावर उभे होते!

पुढे भारतात टक्कर टाळणारे 'टीकॅस' सक्तीचे झाले. हे यंत्र जवळच्या विमानातील ट्रान्सपॉन्डरला प्रश्न विचारते. उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळते, उंची उत्तरातच असते. दिशा मात्र ढोबळच समजते. म्हणूनच टीकॅस 'वर चढा' किंवा 'खाली उतरा' एवढेच सांगते, 'डावीकडे वळा' असे सांगायला धजावत नाही. आपल्याला काय कळत नाही हे कळणारे यंत्र! माणसांतही हा गुण तसा दुर्मीळच.

पण शेजारी मुका असेल तर? २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलच्या ॲमेझॉन जंगलावर ३७ हजार फुटांवर एक बोइंग ७३७ आणि एक छोटे लेगसी जेट समोरासमोर आले. लेगसीचा ट्रान्सपॉन्डर चालू नव्हता. परिणामी दोन्हींपैकी एकाही वैमानिकाला इशारा मिळाला नाही. लेगसी कसेबसे उतरले. बोइंगमधील १५४ जण वाचले नाहीत.

आता 'एडीएस-बी' पद्धतीत विमान उपग्रहांवरून आपले स्थान ठरवते आणि न विचारताच ते सतत प्रसारित करीत राहते. आपली माहिती किती भरवशाची, हेही सोबत कळवते. उद्या वैमानिकांनी नियंत्रकाविना परस्परांत अंतर राखायचे ठरवले, तर हा भरवसा जितका कमी तितके अंतर अधिक ठेवावे लागेल, हे उघड आहे. भीती आहे ती खोट्या उपग्रह-संकेतांची. फसलेले विमान चुकीची जागा मोठ्या आत्मविश्वासाने सांगू शकते. जुने टीकॅस मात्र इशारा देण्यापूर्वी आजही स्वतः प्रश्न विचारते आणि अंतर स्वतःच मोजते.