दोनशेच्या फ्रेममध्ये तीनशे नव्वदचे इंजिन
वेगाची हौस, यंत्राचे गणित आणि कायद्याची चौकट

लांबून पाहिले तर ती दोनशे सीसीची साधी स्पोर्ट्‌स बाइक वाटते. टाकीवरचे स्टिकर तेच, नंबर प्लेट तीच आणि कागदपत्रेही तीच. सिग्नल हिरवा झाला की मात्र ती शेजारच्या तशाच बाइकला क्षणात मागे टाकते. रहस्य टाकीखाली दडलेले असते. मूळचे इंजिन काढून त्या जागी जवळपास दुप्पट क्षमतेचे इंजिन बसवलेले असते. मोटारसायकलवेड्या तरुणांच्या भाषेत याला ‘इंजिन स्वॅप’ म्हणतात. ही करामत आकर्षक खरीच. पण तिची किंमत गॅरेजच्या बिलावर संपत नाही.

या हौसेला भारतात केटीएमच्या गाड्यांनी मोठे निमित्त दिले. पुण्याजवळ चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होणारी ‘ड्यूक २००’ जानेवारी २०१२ मध्ये, तर ‘ड्यूक ३९०’ २०१३ मध्ये भारतीय बाजारात आली. पुढच्याच वर्षी ‘आरसी २००’ आणि ‘आरसी ३९०’ ही फेअरिंग असलेली भावंडे दाखल झाली. दोन्ही क्षमतांच्या गाड्या एकाच घराण्यातल्या असल्याने त्यांची ठेवण बरीचशी सारखी. साहजिकच, अपघातात मोडलेल्या ३९० चे इंजिन २०० मध्ये बसवता येईल, हा विचार अनेकांच्या डोक्यात आला आणि काहींनी तो अमलातही आणला.

आकडे काय सांगतात?

दोन्ही इंजिने एकाच सिलिंडरची, द्रवाने थंड होणारी आणि चार व्हॉल्व्हची. फरक आहे तो सिलिंडरच्या मापात. २०० च्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ४९ मिलिमीटर असतो, त्यातून १९९.५ घनसेंटिमीटर क्षमता मिळते. ३९० मध्ये हीच मापे ८९ आणि ६० मिलिमीटर असल्याने क्षमता ३७३ घनसेंटिमीटरवर जाते. ताकद सुमारे २५ अश्वशक्तीवरून सुमारे ४३ वर पोहोचते आणि टॉर्क १९ न्यूटन मीटरवरून ३५ च्या घरात जातो.

ताकद पावणेदोन पट झाली म्हणजे कमाल वेगही पावणेदोन पट होईल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. वेग वाढत जातो तसा हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताकद पावणेदोन पट झाली तरी कमाल वेग साधारण वीस टक्क्यांनीच वाढतो. खरा फरक जाणवतो तो वेग पकडण्याच्या झपाट्यात.

तथापि, या वीस टक्क्यांचा दुसरा हिशेब कोणी मांडत नाही. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटरऐवजी १२० ने जाणाऱ्या गाडीला थांबवताना ब्रेकना ४४ टक्के अधिक ऊर्जा शोषून घ्यावी लागते. ब्रेक तितक्याच जोराने लागले, तर थांबण्याचे अंतरही तेवढ्याच प्रमाणात लांबते.

केवळ इंजिन बदलून भागत नाही

कंपनीने दोन वेगळी मॉडेल बनवली ती केवळ किंमत वेगळी ठेवण्यासाठी नव्हे. सुरुवातीच्या ड्यूक २०० च्या पुढच्या चाकाची ब्रेक डिस्क २८० मिलिमीटरची होती, तर ड्यूक ३९० ला ३०० मिलिमीटरची डिस्क दिली होती. टायरही वेगळ्या प्रतीचे होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ३९० भारतात आली तीच एबीएससह. सुरुवातीच्या २०० मध्ये ही यंत्रणा नव्हती. अचानक ब्रेक दाबल्यावर चाक जागीच अडकून गाडी घसरू नये, यासाठी एबीएस असते. १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना ते १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. म्हणजेच जुन्या २०० मध्ये ३९० चे इंजिन बसवणारा तरुण ३९० ची ताकद घेतो, पण तिच्यासोबत येणारे संरक्षण मात्र मागेच ठेवतो.

कामही वाटते तितके सोपे नसते. इंजिन फ्रेमला ज्या बिंदूंवर धरलेले असते ते जुळवावे लागतात. आधुनिक इंजिनात पेट्रोल किती आणि केव्हा फवारायचे, याचा निर्णय ईसीयू हा छोटा संगणक घेतो. त्यामुळे ईसीयू, थ्रॉटल बॉडी, सेन्सर आणि वायरिंगचा संपूर्ण संच दात्या गाडीतूनच आणावा लागतो. मोठे इंजिन अधिक तापते, म्हणून रेडिएटर बदलावा लागतो. सायलेन्सर, एअर बॉक्स आणि मागच्या चाकाचे स्प्रॉकेटही त्यानुसार निवडावे लागतात. यातली एखादी गोष्ट राहून गेली, की इंजिन तापणे, मध्येच बंद पडणे अशी दुखणी सुरू होतात. फ्रेमला नवे वेल्डिंग करावे लागले, तर धोका आणखी वाढतो. कारण चुकीच्या वेल्डिंगमुळे कमकुवत झालेला सांधा कधी तुटेल, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही.

इंजिन बदलण्याची ही हौस नवी नाही. ब्रिटनमधील तरुणांनी १९५० आणि ६० च्या दशकांत ट्रायम्फचे इंजिन नॉर्टनच्या ‘फेदरबेड’ फ्रेममध्ये बसवून ‘ट्रायटन’ नावाची संकरित मोटारसायकल लोकप्रिय केली होती. मात्र तिथे गणित उलटे होते. फेदरबेड ही मुळात शर्यतीच्या गाडीसाठी घडवलेली फ्रेम, म्हणजे तिथे सांगाडा भक्कम होता आणि त्याला साजेसे इंजिन शोधले गेले. आज २०० मध्ये ३९० चे इंजिन बसवताना कमी ताकदीसाठी घडवलेल्या गाडीवर जास्त ताकदीचा भार टाकला जातो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल, असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर वाहन चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची मुभा आहे. क्षमता वाढवण्यासाठी ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात निकाल देताना हीच भूमिका स्पष्ट केली. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले.

याचा अर्थ बिघडलेले इंजिन कधीच बदलता येत नाही, असा नाही. त्याच बनावटीचे आणि त्याच क्षमतेचे इंजिन प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या परवानगीने बसवता येते. मात्र नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा लागतो. परवानगीविना इंजिन बदलल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे गाडी कायदेशीर झाली, असेही अनेकांना वाटते. पण पेट्रोल दुचाकीच्या या चाचणीत इंजिन संथ चालू ठेवून धुराची तपासणी होते. इंजिन कोणते आहे, हे तिथे पाहिले जात नाही.

जुन्या बाजारातून आणलेल्या इंजिनाबाबत आणखी एक धोका संभवतो. पक्की पावती आणि मूळ गाडीची कागदपत्रे नसतील, तर ते चोरीच्या गाडीचे निघू शकते. चोरीचा माल असल्याचे माहीत असून किंवा तसे मानण्यास कारण असूनही तो जवळ बाळगणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे.

अपघात झाला तर?

सर्वांत मोठा प्रश्न अपघातानंतर उभा राहतो. विमा कंपनीला दिलेल्या माहितीत १९९.५ सीसीची गाडी असते आणि सर्वेक्षकाला दिसते ते ३७३ सीसीचे इंजिन. अशा वेळी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. महत्त्वाची माहिती दडवून विमा घेतला, हा बचाव कंपनीला त्रयस्थ व्यक्तीच्या दाव्यातही मांडता येतो. न्यायालये अनेकदा जखमीला भरपाई आधी कंपनीने द्यावी आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असा आदेश देतात. पादचाऱ्याचा मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यांसारख्या प्रकरणांत ही रक्कम लाखांत जाते आणि ती फेडण्याची वेळ बहुधा त्या तरुणाच्या घरच्यांवर येते.

ज्याला खरोखरच अधिक ताकदीची गाडी हवी आहे, त्याच्यासाठी सरळ मार्ग उपलब्ध आहे. आपली २०० विकावी आणि फॉर्म २९ व ३० भरून रीतसर हस्तांतर करून जुनी ३९० घ्यावी. इंजिन, सुटे भाग, मजुरी आणि नंतरच्या दुरुस्त्या यांचा एकत्रित खर्च मांडला, तर हा व्यवहार बहुतेक वेळा फारसा महाग पडत नाही. शिवाय त्यात इंजिनासोबत त्याला साजेसे ब्रेक आणि एबीएसही मिळते. यंत्राशी खेळण्याचीच हौस असेल, तर कोइमतूरजवळील कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई यांसारखे बंदिस्त ट्रॅक आहेत. अशी गाडी तिथे ट्रेलरवर लादून न्यावी. सार्वजनिक रस्त्यावर मात्र तिला जागा नाही.

जुनी स्पोर्ट्‌स बाइक विकत घेणाऱ्यांनीही सावध राहायला हवे. व्यवहार ठरवण्यापूर्वी इंजिनावर कोरलेला क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. तो जुळत नसेल, खाडाखोड केलेला असेल किंवा घासलेला दिसत असेल, तर गाडी कितीही झकास पळत असली तरी व्यवहार तिथेच थांबवणे हिताचे. दुसऱ्याने केलेल्या बदलाचा जाब पुढे नव्या मालकालाच द्यावा लागतो.