घरातला निसर्ग: काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

नव्या सदनिकेचा ताबा मिळाला, म्हणजे आतील सजावटीचा विचार सुरू होतो आणि घर आधुनिक असावे, पण ते नैसर्गिक वाटावे, ही अपेक्षा हल्ली बहुतेक कुटुंबांत आग्रहाने मांडली जाते. ही अपेक्षा सर्वस्वी स्वागतार्ह आहे. मात्र तिच्या पूर्ततेसाठी जे उपाय योजिले जातात, त्यांपैकी पुष्कळांच्या मुळाशी असे समज असतात, की ज्यांची शहानिशा करण्याची तसदी विकणारा घेत नाही आणि घेणाऱ्याला ती सुचत नाही. परिणामी पुष्कळ पैसा खर्च होऊनही हाती येते ती तपकिरी रंगाची, काचबंद आणि कृत्रिम द्रव्यांनी भरलेली खोली.

या समजांपैकी सर्वांत महागात पडणारा समज लाकडाविषयीचा आहे. भिंतीवर, कपाटांच्या दारांवर आणि पलंगाच्या माथ्याशी लाकडाच्या रेषा दिसल्या, की घरात लाकूड आले असे मानण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः ज्याला आपण सर्रास सनमायका म्हणतो, तो राळेत भिजवून उष्णतेने व दाबाने एकजीव केलेल्या कागदांचा थर असतो, आणि लाकडाच्या रेषा त्यातील वरच्या कागदावर छापलेल्या असतात. त्याखाली प्लायवूड किंवा लाकडाच्या तंतूंपासून केलेला एमडीएफचा तक्ता असतो. स्वस्त प्लाय आणि एमडीएफ जोडण्यासाठी बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडची राळ वापरतात आणि तिच्यातून फॉर्मल्डिहाइड वायू दीर्घकाळ हळूहळू बाहेर पडत राहतो; उष्णता आणि दमटपणा वाढला, की त्याचे प्रमाणही वाढते. नव्या, बंद ठेवलेल्या घरात शिरताच डोळे चुरचुरतात, त्याचे हे एक कारण होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली या वायूची गणना मानवास कर्करोगकारक अशा पदार्थांत केली. एवढ्यावरून प्लायवूड हद्दपार करावे असे माझे म्हणणे नाही. फिनॉलच्या राळेने जोडलेल्या, आयएस 710 हा मानक क्रमांक असलेल्या मरीन प्लायमधून हा वायू पुष्कळच कमी सुटतो. मात्र प्लाय कोणताही असो, त्याच्या उघड्या कडेतून वायू बाहेर येतो आणि ओल आत शिरते; सुतार तर केवळ दिसणाऱ्या कडेला एज बँड, म्हणजे कडपट्टी, लावतो आणि मागची, खालची कड उघडी सोडतो. सिंकखालच्या कपाटाची तळकड दोन पावसाळ्यांत फुगून तिचे पापुद्रे सुटू लागतात ते यामुळेच. सर्व कडा बंद करून घेणे आणि फर्निचर झाल्यावर राहावयास जाण्यापूर्वी काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवणे, या दोन गोष्टी करारात आधीच लिहून घ्याव्यात.

खरे लाकूड हवे असेल, तर ते थोडे घ्यावे आणि जेथे हात लागतो तेथे घ्यावे: जेवणाच्या मेजाचा पृष्ठभाग, मुख्य दार, झोपाळ्याची फळी. सागवानाखेरीज दुसरे लाकूड टिकत नाही, हाही एक समजच. कोकणातील जुन्या घरांत फणसाच्या लाकडाने पिढ्यान्‌पिढ्या काम दिले आहे. वाड्यांच्या पाडकामातून निघालेले जुने सागवान आजही विकत मिळते. खिळे काढून, वाळवीची खातरजमा करून घेतले, तर त्याच्या तोडीचे नवे लाकूड त्या किमतीत क्वचितच मिळेल. त्यावर जवसाचे उकळलेले तेल चोळण्याची पद्धत उत्तम आहे. परंतु नैसर्गिक ते सर्व निरुपद्रवी, असे मानणाऱ्यांनी येथे सावध असावे, कारण या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर तेल वाळताना निघणाऱ्या उष्णतेने त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

कुंड्यांनी घरातील हवा शुद्ध होते, हा समज तर आता रोपवाटिकांच्या पाट्यांवर पोहोचला आहे. त्याचे मूळ नासाने 1989 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे; ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत झाले होते आणि त्यांतील निष्कर्ष दारे-खिडक्या असलेल्या खोलीला लावता येत नाहीत. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात अशा अनेक प्रयोगांचे गणित पुन्हा मांडले गेले, तेव्हा असे आढळले, की इमारतीत सहज होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करावयाची, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला 10 ते 1000 रोपे ठेवावी लागतील. स्नेक प्लांट रात्री प्राणवायू सोडते, ही समजूतही अशीच अर्धवट माहितीतून निघाली. ते झाड रात्री कार्बन डायऑक्साइड शोषून साठविते हे खरे. पण प्राणवायू निर्माण होण्यास प्रकाश लागतो आणि तो दिवसाच निर्माण होतो. झाडे अवश्य ठेवावीत, ती पाहण्यासाठी आणि जोपासण्यासाठी. पाने पुसताना, नवा कोंब पाहताना जे समाधान मिळते, त्याला शास्त्रीय प्रमाणपत्राची गरज नाही.

फरशीच्या बाबतीत नैसर्गिक म्हणजे परदेशी संगमरवर, असे समीकरण झाले आहे, आणि ज्या शहाबादी फरशीवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या वाढल्या, तिला जिन्यात आणि मोरीत ढकलण्यात आले आहे. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. संगमरवरही त्याच चुनखडीचे, भूगर्भातील उष्णतेने व दाबाने पालटलेले रूप होय. म्हणूनच लिंबाचा एक थेंब पडून राहिला, तर या चौघांवरही सारखाच निस्तेज डाग उमटतो. फरक एवढाच, की चकचकीत संगमरवरावर तो डोळ्यांत भरतो आणि घासलेल्या कोट्यावर वावरात मिसळून जातो. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट बरा, कारण त्याला आम्लाची बाधा सहसा होत नाही. ‘क्वार्ट्झ’ या नावाने जो ओटा नैसर्गिक म्हणून विकला जातो, त्यात साधारण नव्वद टक्के दगडाचा चुरा असून तो कृत्रिम राळेने सांधलेला असतो. तो कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने कारागिरांची फुप्फुसे निकामी होतात, या कारणाने ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. ज्या वस्तूने घर सजते, तिने ती घडविणाऱ्याचे काय केले, हा विचार आपल्याही मनात यावा, असे मला तीव्रतेने वाटते.

चुन्याच्या गिलाव्याविषयी थोडक्यात: तो भिंतीतील ओल बाहेर पडू देतो, हे सत्य आहे, तो गळती थांबवितो, हे नाही. प्लॅस्टिक रंगावर चुना धरत नाही, जुना रंग खरवडावाच लागतो. बांबूची गोष्टही तशीच. हे जलद वाढणारे गवत आहे, परंतु त्यातील पिष्टामुळे त्याला भुंगा लागतो आणि बांबूच्या दिव्याखाली पिठासारखी बारीक भुकटी साचू लागते. बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणाची प्रक्रिया केलेलाच बांबू घ्यावा.

परंतु या सर्वांहून मोठा गैरसमज असा, की निसर्ग वस्तूंच्या रूपाने विकत आणता येतो. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कंबाला हिलवर उभारलेल्या आणि 1983 साली पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ या इमारतीचा दाखला येथे घेण्यासारखा आहे. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून घराचे तोंड तिकडे हवे. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा हेही तिकडूनच येतात. जुन्या बंगल्यांनी हा पेच खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून सोडविला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दुमजली उंचीच्या उघड्या बागेच्या रूपाने प्रत्येक घराच्या कोपऱ्यात उंचावर नेला. आपण मात्र सदनिका हाती येताच पहिला हुकूम सोडतो, तो बाल्कनी आत घेऊन काच लावण्याचा, आणि मग त्या तापलेल्या काचेआड कुंड्या मांडून वातानुकूलन यंत्र सुरू करतो. बाल्कनी मूळच्या नकाशाप्रमाणे उघडी ठेवली, तिच्या समोरच्या भिंतीतील खिडकी कपाटाने बुजविली नाही आणि उन्हाळ्यात वाळ्याचा ओला पडदा लावण्यासाठी चौकटीत चार आकडे ठोकून घेतले, तर त्याचा खर्च एका कपाटाच्या दाराइतकाही येणार नाही.