सांतोरिनीची टोपली

सांतोरिनी, ऑगस्ट

आमच्या तासगावकडे द्राक्षबाग म्हणजे डोक्यावर मांडव आणि त्याखाली लोंबणारे घड. एजियन समुद्रातल्या या ग्रीक बेटावर मात्र बागेत खाली बघून पाय टाकावा लागतो. खांब नाहीत, तारा नाहीत. राखाडी रानात जमिनीलगत हिरवे गोळे तेवढे दिसतात. गुडघे टेकून पानं बाजूला सारली तेव्हा कळलं, वेल चक्क टोपलीसारखी विणलीय. हिवाळी छाटणीत राखलेल्या काड्या दरवर्षी एकमेकींत गुंफत गोल फिरवतात. घड टोपलीच्या पोटात वाढतात. नाव 'कुलूरा'. उन्हाळ्यात इथे 'मेल्तेमी' हा उत्तरेचा वारा भणाणतो. कोवळे फुटवे मोडू नयेत, उडत्या वाळूने मणी सोलवटू नयेत, म्हणून हा आडोसा.

जुन्या बागांना ठिबक नाही आणि पाऊस जवळजवळ सगळा हिवाळ्यातच, तोही बेताचा. वेल तगते ती इथल्या मातीमुळे. सुमारे 3600 वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटला, तेव्हा बेटभर राख आणि प्युमिस पसरलं. पहाटे त्यातला एक खडा उचलला. हाताला गार, दमट लागला, वजन मात्र काहीच नाही. समुद्रावरून येणारा रात्रीचा दमटपणा हेच खडे धरून ठेवतात.

याच मातीने आणखी एक उपकार केलाय. 19व्या शतकात फायलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या. आजही तिथे बहुतेक लागवड अमेरिकन खुंटावर कलम करूनच होते. आपण डॉगरिज खुंट घेतो तो पाण्याचा ताण आणि खारवट जमीन सोसावी म्हणून. इथे चिकणमातीच जवळपास नसल्याने ती कीड तगली नाही, आणि 'असिर्तिको' ही इथली मुख्य जात स्वतःच्या मुळांवर उभी आहे. सत्तर-ऐंशी वर्षांनी टोपली थकली की ती बुंध्याशी छाटतात आणि जुन्याच मुळावर नवी धरतात. खाली मूळ किती पिढ्यांचं असेल!

सध्या तोडणीची धांदल आहे. 'विनसांतो' या गोड वाइनसाठी घड दोनेक आठवडे उघड्या उन्हात पसरतात. पार बेदाणा व्हायच्या आत ते चिरडतात. मग तो घट्ट रस आंबवून लाकडी पिंपात किमान दोन वर्षं मुरवतात. मी चाखलेल्या घोटाला सुक्या अंजिराची चव होती.

पण रानं हॉटेलांखाली चाललीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. इमारत महिन्या-वर्षात उभी राहते. टोपली विणायला एका माणसाची उमेदीची वर्षं खर्ची पडतात. मी पाहिलेल्या बागेच्या बांधापलीकडे पोहण्याच्या तलावासाठी खड्डा खणलाय. कडेला तीन कुलूरा उपटून टाकल्या होत्या. एकीच्या पोटात अजून घड होते.