मेंदूचा अभ्यास आणि पहिले अनुदान

पाठ्यपुस्तकातील प्रयोगात साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असते; साहित्याचे पैसे कोणी दिले हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. शाळेत हा प्रश्न मुख्याध्यापकांच्या सहीपाशी संपतो. संशोधनात तो माणसाच्या आयुष्यातील दहा-दहा वर्षे ठरवतो. मेंदूवर संशोधन करायचे आहे असे सांगणारे विद्यार्थी आम्हाला हल्ली बरेच भेटतात. त्यांना ही बाजू सहसा कोणी सांगितलेली नसते, म्हणून ती येथे मांडत आहोत.

पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात. त्यानंतर दुसऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोस्ट-डॉक म्हणून चार-पाच वर्षे काढावी लागतात. पुढे नोकरी मिळाली तर संस्था जागा, पगार आणि सुरुवातीला थोडी रक्कम देते. उपकरणे, रसायने, प्राणी आणि मदतनिसांचे पगार यांसाठी संशोधकाने बाहेरून अनुदान मिळवायचे असते. त्यासाठी प्रस्ताव लिहायचा: प्रश्न कोणता, तो महत्त्वाचा का, उत्तर कसे शोधणार, खर्च किती. त्या विषयातील इतर शास्त्रज्ञ प्रस्ताव वाचून गुण देतात आणि वरच्या काही प्रस्तावांना पैसे मिळतात.

निवड समितीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना आम्ही बसलो आहोत. कागदावर लिहिलेले असो वा नसो, एक प्रश्न हमखास निघतो: हे जमेल याचा प्राथमिक पुरावा कोठे आहे? परीक्षकाचे काही चुकत नाही. पैसा जनतेचा असतो आणि अर्जदार दहा असले तर अनुदाने एक किंवा दोन असतात. पण नव्या संशोधकाने पुरावा आणायचा कोठून? वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, अशातली ही गत आहे.

ही अडचण सर्वच विषयांत आहे, परंतु मेंदूच्या अभ्यासात वेळेचे गणित तिला अधिक धार आणते. हे गणित दहावीच्या मुलांना सोडवायला देण्याजोगे आहे. समजा, दोन जनुकांची बदललेली रूपे एकाच उंदरात हवी आहेत, आणि दोन्ही जनुकांच्या जोड्या पूर्णपणे बदललेल्या हव्यात. आपल्याजवळ दोन वाण आहेत. प्रत्येकात एकच जनुक बदललेले आहे. त्यांचा संकर केला की पहिली पिढी सगळी मिश्र. मिश्रांचा आपसांत संकर केला की मेंडेलच्या नियमाने १६ पिल्लांत एक हवे तसे मिळते (दोन्ही जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत असे धरून). प्रयोगाला १२ उंदीर हवेत, म्हणजे सरासरीने १९२ पिल्ले. एका वेतात आठ धरली तर २४ वेते. उंदरीणीचा गर्भकाळ तीन आठवड्यांचा आणि पिल्लू प्रजननक्षम व्हायला सहा ते आठ आठवडे. दोन पिढ्यांत पाच महिने सरले आणि अजून एकही मोजमाप झालेले नाही.

पुढे उंदराला एखादी कृती शिकवायची. तिला काही आठवडे, कधी काही महिने. शिवाय प्राण्यांवरील प्रयोगांसाठी नीतिविषयक समितीची मान्यता, परदेशातून येणारा सूक्ष्मदर्शक, तो ठेवायला कंपनरहित टेबल. तीन वर्षांच्या अनुदानातील दीड वर्ष असेच जाते. पहिले आकडे हाती येतात तेव्हा पुढच्या अनुदानाचा अर्ज करण्याची वेळ झालेली असते, आणि त्या अर्जात पुन्हा तोच प्रश्न.

पैसे वेळेवर न मिळाल्याने काय होते याचे एक उदाहरण अवश्य सांगण्यासारखे आहे. डग्लस प्रॅशर हे अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरविज्ञान संस्थेत काम करीत. एका जेलीफिशमध्ये हिरवा प्रकाश देणारे प्रथिन असते, जीएफपी. त्याचे जनुक मिळाले तर जिवंत पेशींना दिव्यासारखे उजळवता येईल, अशी त्यांची कल्पना होती. राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, ही तेथील जैववैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवणारी सर्वांत मोठी सरकारी संस्था. तिने त्यांचा अर्ज नाकारला. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने दिलेल्या अनुदानावर त्यांनी जनुक वेगळे केले आणि १९९२ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तोवर पैसे संपले होते. संशोधनाची ही दिशा सोडताना त्यांनी जनुकाचे नमुने मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना पाठवून दिले.

चॅल्फी यांनी ते जनुक ज्या सूत्रकृमीत घातले, त्याच्या शरीरात अवघ्या ३०२ चेतापेशी असतात. त्यांतील स्पर्श ओळखणाऱ्या पेशी हिरव्या चमकू लागल्या. १९९४ च्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत प्रॅशर यांचेही नाव आहे. जिवंत प्राण्याच्या चेतापेशी आज रंगांत पाहता येतात, त्याचे मूळ येथे आहे. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना मिळाले तेव्हा प्रॅशर अलाबामा राज्यातील हंट्सविल येथे मोटारविक्रेत्याच्या ग्राहकांना गाडीने पोहोचवण्याचे काम करीत होते. पुढे काही वर्षे त्सिएन यांच्याच प्रयोगशाळेत त्यांना काम मिळाले. नोबेल एका वेळी तिघांपेक्षा अधिक जणांना देत नाहीत, हेही खरे. पण जनुक त्यांच्याकडे होते आणि पुढची पायरीही त्यांना दिसत होती. ती चढण्यापुरते पैसे नव्हते.

एनआयएचच्या स्वतःच्या आकडेवारीतही हा प्रश्न दिसत होता. तिचे पहिले मोठे स्वतंत्र अनुदान मिळवणाऱ्या पीएच.डी.धारकांचे सरासरी वय १९८० च्या सुमारास ३६ च्या आसपास होते. २००८ पर्यंत ते ४२ च्या घरात गेले. तेव्हा तरुणांसाठी वेगळी दारे उघडण्यात आली. २००६ मध्ये सुरू झालेली ‘के-९९/आर-००’ ही योजना त्यांपैकी एक. तिच्यात पोस्ट-डॉकच्या शेवटच्या एक-दोन वर्षांना आणि नोकरी लागल्यावर स्वतःच्या प्रयोगशाळेच्या पहिल्या तीन वर्षांना मिळून एकच अनुदान. योजना सुरू झाली तेव्हा अमेरिकन नागरिकत्वाची अट नव्हती, म्हणून तेथे काम करणारे भारतीय पोस्ट-डॉकही अर्ज करू शकले. २०१४ पासून पोस्ट-डॉकच्या अनुभवाची मर्यादा पाच वर्षांवरून चारवर आणली गेली. हेतू लवकर स्वतंत्र करण्याचा, पण वर दिलेले उंदरांचे गणित पाहता मेंदूवर काम करणाऱ्यांना हे वर्ष फार महाग पडले असे आमचे मत आहे.

दुसरे दार अधिक धाडसी. २००४ च्या ‘पायोनियर’ पुरस्कारात प्रकल्पापेक्षा माणूस पाहायचा असे ठरले, आणि २००७ च्या ‘न्यू इनोव्हेटर’मध्ये तरुणांकडून प्राथमिक पुरावा मागायचाच नाही असे. स्टॅनफर्डमध्ये नुकतीच प्रयोगशाळा सुरू केलेले कार्ल डायसेरॉथ आणि पीएच.डी. करणारे एड बॉयडन यांनी २००४ मध्ये शेवाळातील प्रकाशसंवेदी प्रथिन चेतापेशींत घालून निळ्या प्रकाशाने त्या पेशींना उद्दीपित केले. हे तंत्र पुढे ऑप्टोजेनेटिक्स या नावाने जगभर गेले. शोधनिबंध २००५ मध्ये आला, त्याच वर्षी डायसेरॉथ यांना पायोनियर मिळाला आणि बॉयडन यांना २००७ मध्ये न्यू इनोव्हेटर. दार उघडले म्हणून शोध लागला असे नव्हे. शोध आधीच लागला होता. पण प्रॅशर यांच्यासारखे तो दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची पाळी या दोघांवर आली नाही.

अशी दारे कायमची नसतात. २०२५ मध्ये एनआयएचची अनेक चालू अनुदाने मध्येच थांबवण्यात आली. राखीव निधी नसलेल्या नव्या प्रयोगशाळांना असा धक्का सोसणे सर्वांत कठीण.

आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये ‘इंडिया अलायन्स’ सुरू केली. तिच्या पाठ्यवृत्त्या पाच वर्षांच्या, आणि नव्या पीएच.डी.धारकालाही पगाराबरोबर संशोधनाचा खर्च देणाऱ्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये तिच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी प्रयोगशाळा निवडताना मार्गदर्शकाचे शोधनिबंध तर पाहावेतच, पण त्यांचे पोस्ट-डॉक स्वतःच्या नावावर अर्ज करतात का, हेही विचारून घ्यावे.