कापड घरी विणावे की बाहेरून आणावे?

एखादा देश दोन्ही वस्तू शेजाऱ्यापेक्षा कमी श्रमात तयार करू शकत असेल, तर त्यातली एक वस्तू त्याने बाहेरून का आणावी? वरवर पाहता हा वेडेपणाच वाटतो. परंतु त्यात शहाणपण आहे, असे डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली दाखवून दिले. त्याने उदाहरण घेतले इंग्लंड आणि पोर्तुगालचे. आकडे अर्थातच कल्पित होते.

समजा, वर्षभरात ठराविक कापड तयार करण्यास इंग्लंडमध्ये १०० माणसे लागतात, तर ठराविक मद्य तयार करण्यास १२०. पोर्तुगालमध्ये तेवढ्याच कापडास ९० आणि तेवढ्याच मद्यास ८० माणसे पुरतात. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगालच सरस!

आता हिशेब करू. पोर्तुगालने ९० माणसे कापडाला लावली, तर त्याच माणसांनी केले असते ते ९/८ भाग मद्य हातचे जाते. एक वस्तू मिळवताना दुसरी जेवढी सोडावी लागते, तो पहिलीचा ‘संधी खर्च’ होय. इंग्लंडला एक भाग कापडासाठी फक्त ५/६ भाग मद्य सोडावे लागते. तेव्हा कापडाचा संधी खर्च इंग्लंडमध्ये कमी, आणि मद्याचा पोर्तुगालमध्ये. यालाच ‘तुलनात्मक लाभ’ म्हणतात.

दोघांनी दोन्ही वस्तूंचा एकेक भाग स्वतःच तयार केला, तर एकूण ३९० माणसे लागतात. इंग्लंडने कापडाचे दोन भाग केले तर २००, पोर्तुगालने मद्याचे दोन भाग केले तर १६०, म्हणजे एकूण ३६०. एकास एक अशी अदलाबदल केली, की दोघांनाही पूर्वीइतकाच माल मिळतो आणि इंग्लंडची २०, पोर्तुगालची १० माणसे मोकळी होतात. हा वाटा अदलाबदलीच्या दरावर ठरतो. एक भाग कापडास ५/६ ते ९/८ भाग मद्य या मर्यादेत दर असला, तरच दोघांचा फायदा.

मात्र हा हिशेब देशाचा आहे, माणसाचा नव्हे. १७०३ च्या मेथुएन तहाने इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ खुली झाली आणि पोर्तुगीज मद्याला इंग्लंडमध्ये जकातीची सवलत मिळाली. अशा वेळी द्राक्षमळेवाला खूश होतो. पण मागावर बसलेला विणकर एका रात्रीत मळेकरी होत नाही. फायद्यातला वाटा त्याला कसा मिळावा, हे रिकार्डोचे गणित सांगत नाही. ते समाजाला ठरवावे लागते.

जाता जाता एक गणित. पोर्तुगालला कापडासाठी ९० ऐवजी ६० माणसे पुरली असती, तर कोणी काय बनवावे? उत्तर काढा, ते पाहून तुम्हांला नवल वाटेल!